निळी आली!

काकांनी पट्टी उंच धरली आणि सगळा हॉल ओरडला, "निळी आली! निळी आली!" खुर्च्या सरकल्या. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावर हात टेकून टाचा उंचावू लागली. बेकरीवाल्याची म्हातारी आई टेबलासमोर हात जोडून ढसाढसा रडायला लागली. तिच्या लघवीत वर्षानुवर्षं साखर उतरत होती, आणि आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती साखर गायब झाली होती.

हा हॉल म्हणजे बंद पडलेल्या एका फर्निचरच्या दुकानाचा पहिला मजला. भिंतीवर अजून जुनी पाटी होती, 'बसून पाहा, मगच घ्या'. ती कोणी वाचत नसे. माणसं यायची ती आधीच सगळं घेऊन टाकायच्या तयारीने. कोणाचा पाय काळा पडत चाललेला, कोणाची नजर अधू झालेली, कोणाचं पोर दिवसातून चारदा सुई टोचून घेऊन थकलेलं. साखरेच्या आजाराला मुळापासून उपटणारा माणूस इथे बसतो, असं सगळीकडे पसरलं होतं.

त्या माणसाला सगळे काका म्हणत. कोणाचा काका, हे कोणी विचारलं नव्हतं. दाढी नाही, जटा नाहीत, इस्त्रीचा फुल शर्ट आणि खिशाला पेन. आवाज इतका मऊ की पुढच्या रांगेलाही कान टवकारावे लागत. "मी कोण? मी कोणीच नाही," असं ते दर पाच मिनिटांनी सांगत, आणि त्यामुळे हॉलमध्ये दुसरं कोणी असल्याचं कोणाच्या लक्षातच राहत नसे. "मी चमत्कार करत नाही. पट्टी करते. पट्टी कोणाची? सायन्सची. आता मला सांगा, सायन्स कोणी केलं? देवानेच ना! म्हणजे पट्टी कोणाची?"

"देवाची!" हॉल म्हणे.

आणि पट्टी खरी होती, हीच तर मेख होती. औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते तीच. लघवीत बुडवायची. साखर नसेल तर तिच्या टोकाचा चौकोन निळा राहतो, साखर असेल तर आधी हिरवा आणि मग तपकिरी होतो. डॉक्टरही हीच वापरतात, त्यामुळे चार बुकं शिकलेली माणसंही इथे येऊन गप्प बसत.

पण पट्टी बुडवण्याआधी एक विधी असे, 'साक्ष' नावाचा. रोग्याच्या घरातल्या प्रत्येकाने उभं राहून देवाबद्दल आपल्या मनात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मग काका नमुन्याच्या पेल्यात चमचाभर कृपाजल टाकणार, डोळे मिटणार आणि पट्टी बुडवणार. घरातल्या सगळ्यांचा विश्वास पक्का असेल तर पट्टी निळी. एकाच्याही मनात शंका असेल तर तपकिरी. निळी आली की रोगी बरा झाला आणि त्याच्या गोळ्या, इंजेक्शनं वेताच्या टोपलीत जमा.

कृपाजलाचे दोन सारखे स्टीलचे जग टेबलावर असत, एक काकांच्या उजव्या हाताला, एक डाव्या. ते भरायचं काम एका टॅक्सीवाल्याकडे होतं. मोठा गुणी माणूस. वर्षभरापूर्वी त्याची बायको याच आजाराने गेली, आणि तेव्हापासून तो टॅक्सी बाजूला लावून इथे सेवा करत होता. तो फारसा बोलत नसे.

मधल्या एका रांगेत ती बसली होती. बाजारातल्या चिंचोळ्या दुकानात ती कपडे अल्टर करून द्यायची. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, जाड झालेल्या माणसांचे ब्लाउज आणि शर्ट न बोलता उसवून देणं. सगळे तिला अल्टरवालीच म्हणत. तिच्या एका बाजूला नवरा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. दुसऱ्या बाजूला सासूबाई. आणि मांडीवर डोकं ठेवून त्यांची नऊ वर्षांची मुलगी, बटण. जन्मली तेव्हा इवलीशी आणि गोल होती आणि दुकानात बटणांच्या डब्यांमध्ये वाढली, म्हणून बटण.

बटणला साखरेचा आजार होता, आणि तोही लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर स्वतःचं इन्शुलिन बनवतच नाही. इंजेक्शन हाच तिचा श्वास. प्रत्येक जेवणाआधी सुई. मांड्यांवर, पोटावर निळे डाग. गेले काही महिने ती सुई पाहिली की पलंगाखाली लपायची आणि बापाला तिला ओढून बाहेर काढावं लागायचं. ओढता ओढता तो बाप रडायचा. त्यानेच काकांचं नाव घरात आणलं.

बेकरीवाल्याच्या आईनंतर एका म्हाताऱ्याची पाळी होती. त्याचा मुलगा कुठल्याशा गोदामावर रखवालदार होता. तो साक्षीला उभा राहिला.

"देव आहे का, मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "असला तर चांगलंच आहे. पण मी रात्र रात्र गेटवर एकटा असतो, अजून तरी कोणी भेटायला आलेलं नाही. बाबांसाठी मात्र मी काय वाटेल ते करीन. एवढंच खरं आहे माझ्याकडे."

काका हसले. "खरं बोललास बाळा. आता पट्टीला विचारू." त्यांनी डावा जग उचलला, चमचाभर पाणी पेल्यात टाकलं, डोळे मिटले, पट्टी बुडवली. चौकोन हिरवा झाला आणि पाहता पाहता तपकिरी.

"तुमच्या अंगात साखर नाही हो आजोबा," काका हळहळून म्हणाले, "तुमच्या पोराची शंका आहे ती." म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने त्याला उठवायला हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. भिंतीचा आधार घेत घेत एकटाच जिना उतरला.

पुढची पाळी अल्टरवालीच्या घराची होती, आणि तिचा देवावर विश्वास नव्हता.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही घडलंही नव्हतं. बटण पहिल्यांदा आजारी पडून बेशुद्ध झाली तेव्हा इस्पितळाच्या बाकावर बसून तिने जीव तोडून प्रार्थना केली होती. मुलगी शुद्धीवर आली. सगळे देवाचे आभार मानत होते आणि हिला मात्र ती बाटली आठवत होती, जिच्यातलं औषध थेंब थेंब पोरीच्या हातात गेलं होतं. घरी येऊन हात जोडले, तर समोर कोणी आहे असं वाटेचना. तिने पुष्कळ प्रयत्न केला. मग सोडून दिला. सासूबाईंबरोबर दिवा लावायची, डोळे मिटायची आणि मिटल्या डोळ्यांनी उद्याची कामं मोजायची.

सासूबाई उठल्या. "मी रोज देवाशी भांडते," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीला हे का दिलंस म्हणून. पण जो नाहीच त्याच्याशी कोणी भांडेल का? आहे म्हणूनच भांडते." लोकांनी माना डोलावल्या.

मग नवरा. "मी लिफ्टच्या खाचेत उतरतो," तो म्हणाला, "तेव्हा वर अख्खी केबिन लोंबकळत असते. दोरावर विश्वास नसेल तर ते काम होत नाही. तसाच माझा देवावर आहे." तो काकांकडे वळला. "माझ्या पोरीला सुयांतून सोडवा हो काका."

बटणने "आजी सांगते ते सगळं मी मानते" एवढंच म्हटलं आणि खाली बसली.

अल्टरवाली उठली. तिला रखवालदाराचा पुढे केलेला हात दिसत होता. नवरा, सासू आणि पोर, तिघंही तिच्याकडे बघत होते. आणि ती खोटं बोलली. "माझा पूर्ण विश्वास आहे," ती म्हणाली. "तसूभरही शंका नाही."

आता तपकिरी होणार, या धास्तीने तिने टेबलाची कड घट्ट धरली. काकांनी उजवा जग उचलला. चमचाभर पाणी. मिटलेले डोळे. पट्टी.

"निळी आली!"

नवरा तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. बटणची इंजेक्शनं आणि बोट टोचून साखर मोजायचं यंत्र त्याने स्वतःच्या हाताने टोपलीत टाकलं. अल्टरवालीने त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही वाटलं, असेल बुवा, आपल्याला कळत नसेल. पोरगी आता पलंगाखाली लपणार नाही, या एका विचाराने तिची मती गुंग झाली होती. काकांनी त्यांना कृपाजलाची बाटली दिली, पट्ट्यांची डबी दिली आणि बजावलं, "रोज पेल्यात एक चमचा टाकून मगच पट्टी. आणि सुई परत लावाल तर ही निळाई पुन्हा उभ्या जन्मात दिसायची नाही."

संध्याकाळी ती एका पँटची शिवण उसवत बसली असताना तिचे हात थांबले. मी खोटं बोलले, आणि पट्टीला कळलं नाही.

घरातल्या एकाच्याही मनात शंका असली तर तपकिरी, असं काका म्हणाले होते. हिच्या मनात नुसती शंका नव्हती, काहीच नव्हतं. बिचाऱ्या रखवालदाराने 'ठाऊक नाही' म्हटलं तर पट्टी लगेच तपकिरी, आणि हिने धडधडीत थाप मारली तर निळी! ही कसली पट्टी, जी तोंडातून निघालेले शब्द ऐकते आणि मनातलं वाचायचा आव आणते? हॉलमध्ये एवढी माणसं होती, पण पट्टी आंधळी आहे हे फक्त तिला कळू शकत होतं, कारण खोटं बोलली होती ती.

तिने नवऱ्याला गाठलं. "ऐक. मी तिथे खोटं बोलले. माझा नाही विश्वास. कधीचाच नाही."

त्याने घाईघाईने दार लोटून घेतलं, जणू पट्टी जिन्यात उभी राहून ऐकत होती. "गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस."

"अरे, पण पट्टी निळी आली! म्हणजे ती..."

"आली ना निळी? मग कशाला उकरून काढतेस? तुझ्या पाया पडतो. पोरीचं वाटोळं नको करूस." तो खरोखरच वाकला. त्याच्यापुढे ती काय बोलणार? आता पोर बरी राहिली तर काकांची कृपा, आणि बिघडली तर हिची शंका. दोन्हीकडून तीच अडकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बटणने पाण्याचा सपाटा लावला. तांब्यामागून तांब्या. दुपारपर्यंत ओकाऱ्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात चालायला लागला आणि त्याला पिकून सडत आलेल्या फळासारखा गोडसर वास यायला लागला. अल्टरवालीला तो वास माहीत होता. पहिल्यांदा मुलगी बेशुद्ध झाली तेव्हाही हाच होता.

सासूबाईंनी पेल्यात कृपाजल टाकून पट्टी बुडवली. निळी. "बघ, निळीच आहे," त्या म्हणाल्या, आणि पट्टी पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिली. नवऱ्याने काकांना फोन लावला. "उत्तम!" काका म्हणाले. "जुनं विष बाहेर पडतंय. पडू द्या."

"इस्पितळात नेऊ या," ती म्हणाली.

"ते सुई लावतील."

"लावू देत ना!"

"एकदा लागली की संपलं सगळं!" तो दाराला पाठ लावून उभा राहिला. डोळे लाल, ओठ सुकलेले. तो वाईट माणूस नव्हता हो. घाबरलेला बाप होता, आणि घाबरलेल्या माणसाला कोणीही कुठेही उभं करू शकतं. तिने त्याला ढकलून पाहिलं, तो हलला नाही. ती ओरडली, "मरेल ती!" तर तो म्हणाला, "तू तसं म्हणू नकोस, तू म्हणतेस म्हणूनच होतंय हे!"

ती मुलीच्या उशाशी जाऊन बसली. काय करावं ते सुचेना. बटणने तिचा पदर ओढला.

"आई, तुला एक सांगू? रागावणार नाहीस?"

"नाही गं."

"ती मी आहे." पोरीला धाप लागत होती. "जिचा विश्वास नाही ना, ती मीच आहे. सकाळी मी एकटीनेच पट्टी बुडवून बघितली. पूर्ण तपकिरी झाली. मी ती कचऱ्यात टाकली. मी प्रार्थना करत होते, पण मला मध्येच पाणी आठवत होतं. माझ्यामुळेच झालं ना हे?"

अल्टरवालीने मुलीला छातीशी धरलं, आणि धरल्या धरल्याच विचारलं, "बटण, सकाळी पेल्यात काकांचं पाणी टाकलं होतंस?"

"नाही. विसरले. नंतर आजीने टाकलं तेव्हा निळी आली."

ती उठली. स्वयंपाकघरातून पेला आणला, त्यात पाणी आणि तीन-चार चमचे साखर घालून खळाखळा ढवळलं आणि नवऱ्यासमोरच्या टेबलावर आपटला. "हे बघ. साखरेचं पाणी. तपकिरी होते की नाही ते बघ, मग मी यात कृपाजल टाकते." तिने पट्टी बुडवली.

पट्टी निळीच राहिली.

तिने दुसरी बुडवली. निळी. नवरा म्हणाला, "बघितलंस? आता तरी शांत हो," आणि त्याचा स्वर इतका कनवाळू होता की तिला वाटलं आपल्यालाच वेड लागलंय. आत बटण पुन्हा ओकली.

तिची नजर फळीवर गेली. तिथे एक पुडी होती. इस्पितळातून दिलेली साध्या ग्लुकोजची. इंजेक्शन जास्त होऊन पोरीला चक्कर आली तर तोंडात घालायला म्हणून ती कायम हाताशी असायची. अंगात असते ती हीच साखर, असं तेव्हा नर्सने सांगितलं होतं. तिने दुसऱ्या पेल्यात पाणी घेतलं, पुडी रिकामी केली, पट्टी बुडवली. चौकोन हिरवा झाला आणि बघता बघता पार तपकिरी.

मग तिने त्याच पेल्यात अर्धी बाटली कृपाजल ओतलं आणि नवी पट्टी नवऱ्याच्या हातात दिली. "आता तू बुडव."

त्याने बुडवली. तो वाट बघत राहिला. पट्टी निळी होती, काल हॉलमध्ये होती तेवढीच सुंदर निळी.

"या पेल्याने कुठली साक्ष दिली?" तिने विचारलं. "तू दोरावर विश्वास ठेवतोस ना? पण खाचेत उतरण्याआधी दोर तपासतोस की नाही?"

"रोज," तो अस्पष्टसं म्हणाला.

"मग दोर न तपासता पोरीला कशाला उतरवलंस?"

तो दारापासून बाजूला झाला. बाजूला झाला म्हणण्यापेक्षा कोसळला, आणि त्याच झोकात आत धावला. जगाच्या लिफ्टा दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. मुलीला छातीशी धरून तो तीन मजले कसा उतरला हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही. मागून अनवाणी सासूबाई.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बटणला गेली दोन वर्षं ओळखत होत्या. त्यांनी मुलीचा श्वास हुंगला आणि त्यांचा चेहरा बदलला. "इन्शुलिन कधीपासून बंद आहे?" उत्तर ऐकता ऐकताच त्यांनी मुलीची खाट आत ओढली. नळ्या लागल्या, बाटल्या लागल्या. "आत्ताच काही सांगू शकत नाही," एवढंच बाहेर आलं. लिफ्टवाला भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. सासूबाई प्रार्थना करत होत्या. अल्टरवालीला प्रार्थना करता येत नव्हती. तिने बाटलीकडे नजर लावली. दुसऱ्या दिवशी बटणने डोळे उघडले आणि सगळ्यात आधी पाणी मागितलं.

ती धोक्याबाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी घरून आणलेलं उरलेलं कृपाजल बोटावर घेऊन जिभेला लावलं. "आंबट आहे. व्हिटॅमिन सी. औषधाच्या दुकानात पूड मिळते. पट्टीवर ग्लुकोज पडलं की तिच्यावरच्या रसायनांतून एक पदार्थ बनतो आणि तो रंग आणतो. व्हिटॅमिन सी भरपूर असलं तर ते त्या पदार्थाला रंग आणायच्या आधीच खाऊन टाकतं. साखर जिथल्या तिथे असते, दिसत नाही एवढंच. आम्हाला हे पहिल्या वर्षातच शिकवतात."

"आणि माझी साखर? ती का नाही दिसली?"

"स्वयंपाकघरातली साखर वेगळी. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते." मग त्यांनी उसासा टाकला. "मी येऊन सांगितलं तर म्हणतील, धंदा बुडतोय म्हणून आली. तुम्ही जाल का?"

हॉलमध्ये पुन्हा साक्षी होत्या त्या दिवशी ती गेली. नवरा मुलीजवळ थांबला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मीही येते. माझा देव आहे, आणि तो असल्या पेल्यात चमच्याने पडत नाही, हे मला सांगायचंय त्या मेल्याला."

हॉल भरलेला होता. काकांनी तिला पाहून दोन्ही हात पसरले. "या! पोर कशी आहे?"

"साक्ष द्यायला आले आहे," ती म्हणाली आणि वळून लोकांकडे तोंड केलं. "माझा देवावर विश्वास नाही. गेल्या खेपेला मी इथे उभी राहून खोटं बोलले. तरी पट्टी निळी आली. माझ्या मुलीचं औषध बंद केलं आणि ती मरता मरता वाचली."

हॉलमध्ये कुजबुज उठली. काका मुळीच गडबडले नाहीत. "वेडे," ते गोड आवाजात म्हणाले, "तुझ्या आत खोल विश्वास आहे. तुला ठाऊक नाही, पण पट्टीला ठाऊक आहे!" लोकांनी माना हलवल्या. एक बाई तर डोळे पुसायला लागली.

"असेल," अल्टरवाली म्हणाली. तिने पिशवीतून पेला आणि ग्लुकोजची पुडी काढली, त्यांच्याच टेबलावर पाणी कालवलं. "पण हे ग्लुकोजचं पाणी आहे. याला आई नाही, बाप नाही, सासू नाही. याचा विश्वास आहे का ते बघू." पट्टी बुडवली. तपकिरी.

"नास्तिक दिसतंय!" मागून कोणीतरी म्हणालं.

तिने ते पाणी दोन पेल्यांत विभागलं. काकांचा हात पुढे आला, पण मध्ये सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांना हलवण्याची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. एका पेल्यात उजव्या जगातलं पाणी गेलं. नवी पट्टी. निळी. दुसऱ्यात डाव्या जगातलं. तपकिरी.

टॅक्सीवाला टेबलाजवळ आला. तो इतका कमी बोलायचा की त्याचा आवाज लोकांनी ओळखलाच नाही. "उजव्या जगात काकांनी दिलेली पूड असते, डाव्यात नसते," तो म्हणाला. "मीच भरतो. काका सांगतात, जो खुल्लमखुल्ला शंका सांगतो त्याला साधंच पाणी. मला वाटलं, कृपा वाया जाऊ नये म्हणून असेल."

"अरे, तू सेवक आहेस का..." काकांचा मऊ आवाज पहिल्यांदा चिरकला. टॅक्सीवाल्याने तिकडे पाहिलंही नाही. तो अल्टरवालीकडे बघत होता.

"माझ्या बायकोचीही निळी आली होती," तो म्हणाला. "आठवड्याने ती गेली. काका म्हणाले, तुझ्याच मनात कुठेतरी शंका राहून गेली. होतीही. थोडी होती. वर्षभर मी ती शोधून शोधून काढतोय." त्याने उजवा जग बाजूला सारला. "म्हणजे... ती माझ्या शंकेने नाही गेली?"

तिला वाटलं, काहीतरी गोड सांगावं. पण याच हॉलमध्ये ती एकदा गोड बोलली होती.

"नाही दादा. शंकेने कोणी मरत नाही. इंजेक्शन बंद झालं म्हणून गेल्या त्या."

"इंजेक्शन मीच टाकलं टोपलीत."

सासूबाईंनी त्याचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

काका जिन्याकडे सरकत होते. काही जण त्यांच्या वाटेत उभे राहिले, काही जण त्यांच्या बाजूने भांडायला लागले. 'पोर वाचली ती शेवटी काकांच्याच पुण्याईने' असं म्हणणारेही होते. अल्टरवालीला त्यांचा रागही आला नाही. परवापर्यंत तिच्या घरातही हेच चाललं होतं.

"माझ्या सासूबाईंचा देव आहे," ती मोठ्याने म्हणाली, "माझा नाही. आम्ही एका घरात राहतो, एकाच पातेल्यातलं वाढून घेतो. ज्याने त्याने आपलं आपलं बघावं. पण इथे खरं बोलणाऱ्याची पट्टी तपकिरी होत होती आणि खोटं बोलणाऱ्याची निळी, आणि आपण सगळे टाळ्या वाजवत होतो. कोणी काही दाखवलं तर विचारा, हे न टाकता दाखव, ते न शिंपडता दाखव. ज्याला विचारलेलं चालत नाही, त्याच्या हातात आपलं माणूस देऊ नका. औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका, घरी जाऊन आजच घ्या. आणि मनात शंका आली तर तिला लाजू नका हो. माझी नऊ वर्षांची पोर, मरणाच्या दारात, मला काय म्हणाली? आई, माझा विश्वास कमी पडला, माझ्यामुळेच झालं. आजारी लेकराला आपण हे शिकवलं!"

ती पेला तिथेच ठेवून जिना उतरली. वॉर्डात बटणच्या इंजेक्शनची वेळ झाली होती, आणि ते आईच्याच हातून घेईन असं ती म्हणाली होती.